सिंगल स्कलमध्ये एकट्याने उतरण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिने चौघांच्या बोटीत वल्हवून झाल्यावर आता प्रशिक्षकांनी सिंगल स्कलमध्ये, म्हणजे एकाच माणसाने दोन वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद बोटीत, एकट्याने जाण्याची परवानगी दिली आहे. पोहता येते, तरीही बोट उलटण्याची धास्ती वाटते. घरच्यांचा आग्रह आहे की लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यावर जायचे नाही, आणि जुने खेळाडू तर ते घालताना दिसत नाहीत. अशा वेळी कोणाचे ऐकावे आणि नेमकी कोणती काळजी घ्यावी?

मी वीसहून अधिक वर्षे वल्हवतो आहे आणि त्यांतली निम्मी वर्षे शिकवण्यात गेली आहेत. या काळात माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी बोटी उलटल्या, मी स्वतःही अनेकदा पाण्यात पडलो, आणि त्यांतल्या बहुतेक प्रसंगांचा शेवट ओल्या कपड्यांवर आणि थोड्या थट्टेवर झाला. जे मोजके प्रसंग खरोखर जिवावर बेतले, त्यांत बोट उलटणे ही मूळ चूक नव्हती. पाणी फार थंड होते, प्रवाहाला ओढ होती, पाठीमागे काय आहे ते कोणी वळून पाहिले नव्हते, किंवा वारा वाढतो आहे हे दिसत असूनही बोट पाण्यात घातली होती. त्यामुळे तुमची धास्ती मी खोटी ठरवत नाही, फक्त तिची जागा थोडी बदलावी असे सुचवतो.

तरीही सुरुवात उलटण्यापासूनच करू, कारण ती भीती मनात असेपर्यंत बाकीचे काही नीट ऐकू येत नाही. शर्यतीची सिंगल बोट सुमारे आठ मीटर लांब आणि पाण्यालगत जेमतेम फूटभर रुंद असते, आणि नियमाप्रमाणे तिचे किमान वजन अवघे १४ किलो असते. एवढ्या अरुंद बोटीला स्वतःचा असा तोल जवळजवळ नसतोच. तो तिला दोन वल्ह्यांमुळे मिळतो. दोन्ही ब्लेड, म्हणजे वल्ह्यांची पाण्याकडची चपटी टोके, पाण्यावर आडवी टेकलेली असताना तुमच्या हातात पाच मीटरहून लांब अशी तोल सांभाळणारी काठी असते, आणि जोवर दोन्ही हँडले एकत्र, पोटासमोर एका उंचीवर आहेत तोवर बोट उलटवणे सोपे नाही. शिकाऊ माणूस उलटतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: चेहऱ्यावरचा घाम पुसायला, टोपी सावरायला किंवा बुटाचा पट्टा ओढायला तो एका वल्ह्याचे हँडल सोडतो. हात मोकळा हवा असेल तर आधी दोन्ही हँडले एका हाताच्या मुठीत घ्यायची आणि मगच दुसरा हात उचलायचा. पहिल्या दिवशी ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झाले.

यापुढचा सल्ला अनेकांना विचित्र वाटतो. एकट्याने जाण्यापूर्वी एकदा मुद्दाम उलटून घ्या. तरणतलावात किंवा उथळ, उबदार, वाहत्या नसलेल्या पाण्यात, शेजारी प्रशिक्षक उभे असताना, बुटांत पाय अडकवून, एक हँडल सोडून द्या आणि काय होते ते अनुभवा. बोट हळूहळू कलत नाही, क्षणात कुशीवर जाते आणि तुम्ही डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत पाण्याखाली असता. नाकात पाणी जाते, कोणती दिशा वर आहे ते क्षणभर कळत नाही, आणि मग हात आपोआप बुटांकडे जातो. पाय सुटले की माणूस वर येतो. हा सगळा प्रकार काही सेकंदांचा असतो, पण तो आधी एकदा अनुभवलेला असणे आणि नसणे यांत फार मोठा फरक आहे, कारण खऱ्या प्रसंगी विचार करायला सवड नसते, तिथे फक्त सवय उपयोगी पडते. पोहण्याबाबत माझी अट अशी असते की वल्हवण्याच्या कपड्यांत न थांबता किमान ५० मीटर पोहता आले पाहिजे, दोन मिनिटे जागच्या जागी तरंगता आले पाहिजे आणि पाण्याखालून चार-पाच मीटर जाता आले पाहिजे. उत्तम पोहणाऱ्यालाही ही चाचणी द्यावी लागते, कारण आपल्याला पोहता येते असे म्हणणाऱ्या माणसाने शेवटचे कधी पोहले होते हे विचारले की बऱ्याचदा उत्तर काही वर्षांपूर्वीचे निघते.

पाण्यातून डोके वर आले की बोट सोडायची नाही. किनारा कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचे नाही, कारण पाण्याच्या पातळीवरून पाहताना अंतर हमखास कमी वाटते आणि ओल्या कपड्यांनिशी पोहणे अपेक्षेपेक्षा दमवणारे असते. बोट तुम्हाला तरंगत ठेवते, लांबून दिसते, आणि मदतीला येणारा माणूस आधी तीच शोधतो. पुन्हा आत चढायचे असेल तर बोट सरळ करून दोन्ही वल्ही बोटीशी काटकोनात आणायची, ब्लेड आडवी टेकवायची, दोन्ही हँडले एका हातात घट्ट धरून त्यांच्यावर भार द्यायचा, दुसरा हात बोटीच्या कडेवर ठेवायचा आणि पाय मारून छाती बोटीवर आडवी टाकायची. मग वळून बसायचे आणि सगळ्यांत शेवटी पाय आत घ्यायचे. या सगळ्या खटाटोपात हँडले सुटली की पुन्हा पाण्यात. दोन प्रयत्नांत जमले नाही तर हट्ट सोडावा, बोट पालथी असू द्यावी, तिच्यावर पोटावर आडवे पडून शरीराचा जितका भाग पाण्याबाहेर काढता येईल तितका काढावा आणि पाय मारत जवळचा किनारा गाठावा किंवा मदतीची वाट पाहावी.

आता बोटीकडे वळू. बोट खांद्यावरून उतरवून पाण्यात ठेवण्यापूर्वी मी चार ठिकाणी हात लावून पाहतो. नुसते पाहत नाही, हात लावतो. पहिले ठिकाण म्हणजे बुटांच्या टाचेची दोरी. बोटीत पक्के बसवलेले बूट टाचेकडून एका आखूड दोरीने फूट स्ट्रेचरला, म्हणजे पाय टेकवायच्या तिरक्या फळीला, बांधलेले असतात, आणि प्रत्येक बुटाला त्याची स्वतंत्र दोरी लागते. तिचे काम असे की बोट उलटल्यावर तुम्ही पाय ओढलात की टाच थोडी उचलली जाऊन तिथेच अडते आणि पाऊल बुटातून निसटते. दोरी लांब असेल तर बूट पायाबरोबर वर येत राहतो, पाऊल आत अडकून राहते, आणि तुम्ही पाण्याखाली. म्हणून टाच धरून वर ओढून पाहायची: बुटाचा जो भाग स्ट्रेचरला पक्का बसवलेला आहे त्याच्या खालच्या टोकापेक्षा टाच वर जात असेल तर दोरी आखूड करायची. बुटाचे पट्टे किंवा लेस एका हाताच्या एका ओढीत सुटले पाहिजेत, हाही नियमच आहे. मी अनेक क्लबांच्या बोटी पाहिल्या आहेत आणि झिजलेली, गाठ सुटलेली किंवा कोणीतरी आपल्या सोयीसाठी सैल केलेली टाचेची दोरी हा मला आढळलेला सर्वांत सामान्य दोष आहे. ती बदलायला दोन मिनिटे पुरतात.

दुसरे ठिकाण म्हणजे पुढच्या टोकावरचा पांढरा रबरी चेंडू, ज्याला बो बॉल म्हणतात. तो शोभेचा नाही. बोटीचे टोक भाल्यासारखे असते, आणि तो चेंडू नसेल तर टक्कर झाल्यावर समोरच्याच्या पाठीत काय घुसेल याची कल्पना करा. शर्यतीच्या नियमांनुसार त्याचा व्यास किमान ४ सेंटिमीटर असावा लागतो आणि तो हलता कामा नये. तिसरे ठिकाण म्हणजे पुढच्या आणि मागच्या हवाबंद कप्प्यांची झाकणे. बोट वाळवण्यासाठी ती उघडी ठेवतात आणि निघताना लावायची विसरतात. उघड्या झाकणाची बोट उलटली तर कप्प्यात पाणी शिरते आणि ज्या बोटीच्या आधाराने तरंगायचे तीच खाली जाऊ लागते.

चौथे ठिकाण म्हणजे वल्हे ज्यात बसते ते गेट. याची शिकवण मला माझ्याच चुकीतून मिळाली. गेटचा आडवा दांडा मी बंद केला होता, पण त्याचा स्क्रू पूर्ण आवळायचा राहिला होता, कारण शेजारच्याशी बोलत होतो. धक्क्यापासून दहाएक मीटर गेल्यावर पहिला जोरकस फटका मारला, स्क्रू फिरत वर आला, दांडा उघडला आणि उजवे वल्हे गेटमधून उचलले जाऊन हातात मोकळे आले. मी पाण्यात होतो हे मला पाण्यात गेल्यावरच कळले. धक्क्यावरच्या लोकांची चांगली करमणूक झाली. तेव्हापासून स्क्रू आवळताना मी कोणाशी बोलत नाही, आणि माझे विद्यार्थी बोलू लागले तर त्यांना सगळे पहिल्यापासून पुन्हा तपासायला लावतो.

हे सगळे झाले तरी वल्हवण्यातला सर्वांत मोठा धोका शिल्लकच राहतो, आणि तो या खेळाच्या स्वरूपातच आहे: आपण जिकडे जातो तिकडे आपली पाठ असते. याचा हिशेब एकदा आकड्यांत करून पाहावा. मिनिटाला वीस फटके, म्हणजे एका फटक्याला तीन सेकंद. निवांत पण बऱ्या वेगाने चाललेली सिंगल सेकंदाला सुमारे चार मीटर जाते. तुम्ही दर पाच फटक्यांनी मागे वळून पाहत असाल तर दोन नजरांच्या मध्ये १५ सेकंद आणि ६० मीटर जातात. समोरून तशीच दुसरी सिंगल येत असेल आणि तिच्यातला माणूसही तुमच्याइतकाच शिस्तीचा असेल, तर त्या १५ सेकंदांत तुमच्यातले अंतर १२० मीटरने कमी होते. म्हणजे नजर टाकली तेव्हा जे बऱ्यापैकी दूर वाटले होते ते पुढच्या नजरेपर्यंत अंगावर आलेले असू शकते. दहा फटके न पाहता मारणारा माणूस पाण्यावर डोळे मिटूनच चालला आहे असे मी धरतो.

त्यामुळे दर तीन ते पाच फटक्यांनी पाहावे, आणि एका वेळी डाव्या तर पुढच्या वेळी उजव्या खांद्यावरून पाहावे, कारण एकाच बाजूने पाहणाऱ्याला दुसऱ्या बाजूचा एक मोठा तुकडा कधीच दिसत नाही. वळण्याची योग्य वेळ म्हणजे फटका संपून हात पुढे जाऊ लागतात तो क्षण. तेव्हा मान आणि थोडासा खांदा वळवायचा, कंबर वळवायची नाही, नाहीतर हँडलांची उंची बदलते आणि बोट डगमगते. सुरुवातीला दर वेळी पाहताना तोल जाईल आणि वेग तुटेल. तो तुटू द्यावा. कपाळावर बांधायचा छोटा आरसा काही जण वापरतात. तो सरळ मार्गावर उपयोगी आहे, पण त्यात पाण्याशी समतल तरंगणारा ओंडका दिसत नाही, म्हणून आरशाच्या भरवशावर मान वळवणे सोडू नये. पुढे पाहणारा कॉक्स, म्हणजे स्वतः न वल्हवता बोटीला दिशा देणारा माणूस, असला म्हणजे ही काळजी मिटली असेही समजू नये. १९८४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत केंब्रिजच्या आठ जणांच्या बोटीत कॉक्स होता, तरी शर्यत सुरू होण्यापूर्वीच ती नांगरलेल्या बार्जवर आदळून तिचे पुढचे टोक तुटले आणि शर्यत दुसऱ्या दिवशी घ्यावी लागली.

थांबणे हेही शिकावे लागते. आठ जणांची बोट सेकंदाला पाच मीटर वेगाने जात असेल, तर ओरड ऐकून ती समजायला लागणाऱ्या दोन सेकंदांतच ती दहा मीटर पुढे गेलेली असते आणि अजून एकही ब्लेड पाण्यात उभे राहिलेले नसते. सिंगलमध्ये तातडीने थांबायचे असेल तर दोन्ही ब्लेड आधी आडवी पाण्यावर दाबायची आणि मग हळूहळू उभी करायची. एकदम उभी केली तर हँडल पोटात बसते. प्रत्येक बाहेर पडण्याच्या वेळी, परत येण्यापूर्वी एकदा तरी पूर्ण वेगातून असे थांबून पाहावे. कोणत्या बाजूने जायचे आणि कोणत्या बाजूने परतायचे याचा त्या पाण्याचा नियम आधी विचारून घ्यावा. अरुंद मार्गात उजवी कड धरून चालावे हा १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमावलीचा दंडक आहे आणि बहुतेक ठिकाणी वल्हवणारेही तोच पाळतात, पण काही नद्यांवर प्रवाहामुळे स्थानिक नियम वेगळे असतात. मोठ्या जहाजाला मात्र नेहमीच वाट द्यावी, कारण त्याच्या चालकाला तुमची बोट दिसलीच असेल अशी खात्री नसते आणि दिसली तरी तो लगेच थांबू शकत नाही.

वाऱ्याचा अंदाज धक्क्यावर उभे राहून घेऊ नये. धक्का बहुधा आडोशाला असतो आणि तिथले पाणी शांत दिसते. पाण्याच्या मोकळ्या पट्ट्याकडे, शक्यतो लांबच्या टोकाकडे पाहावे. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस अधूनमधून फुटताना दिसत असेल तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात आहे, आणि नवशिक्याने सिंगल घरीच ठेवावी. फेस सर्वत्र दिसत असेल तर अनुभवी माणसानेही. वारा जितक्या लांब पाण्यावरून येतो तितकी लाट मोठी होते, आणि तो प्रवाहाच्या विरुद्ध वाहत असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, ज्या आपल्या बुटक्या कडांच्या बोटीत सरळ आत येतात. पाठीवर वारा घेऊन मजेत निघणे ही नवशिक्यांची ठरलेली फसगत आहे: जाताना वाऱ्याचे बळ मिळते, सगळे सोपे वाटते, आणि दमल्यावर परतीच्या वाटेवर तोच वारा समोर उभा राहतो. म्हणून शक्य असेल तिथे आधी वाऱ्याविरुद्ध जावे. निवडक, कसलेले खेळाडूही पाण्यापुढे हरतात हे पाहायचे असेल तर त्याच ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीकडे पाहावे: १९१२ मध्ये दोन्ही बोटी पाण्याने भरल्याने ती पुन्हा घ्यावी लागली, आणि १९७८ मध्ये केंब्रिजची बोट शर्यत चालू असतानाच बुडाली.

जवळून मोटारबोट गेली आणि तिच्या मोठ्या लाटा येताना दिसल्या तर वल्हवणे थांबवावे, बोट लाटांना समांतर करावी, ब्लेड पाण्यावर आडवी ठेवावीत आणि लाटेकडची बाजू किंचित उचलून धरावी. लांब बोटीचे टोक लाटेवर आणि मधला भाग अधांतरी अशी स्थिती झाली तर ती मोडू शकते, म्हणून ही समांतर करण्याची पद्धत.

विजेबाबत तडजोड नाही. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ गेला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पाण्यावर असाल तर जवळचा किनारा गाठावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पुन्हा उतरू नये. सपाट पाण्यावर तुम्हीच सर्वांत उंच असता आणि हातात बहुधा विजेची वाहक असलेली कार्बन फायबरची वल्ही असतात.

वाहत्या पाण्याविषयी एवढे ठाम सांगतो की बंधारा, पुलाचे खांब, नांगरलेल्या बोटी आणि पाण्यात झुकलेली झाडे यांच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिथून प्रवाह त्यांच्याकडे येतो त्या बाजूला, कधीही थांबू नये, वळू नये, पाणी पिऊ नये. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: प्रवाह दुप्पट झाला की अडलेल्या बोटीवरचा दाब चौपट होतो, आणि खांबाला आडवी चिकटलेली बोट माणसाच्या ताकदीने निघत नाही. बोट अशा अडथळ्याला आडवी लागणारच असे दिसले तर अडथळ्याच्या दिशेने कलावे, उलट बाजूला कलू नये. उलट कललो की प्रवाह कडेवरून आत शिरतो. बुटका बंधारा दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्याच्या पायथ्याशी पाणी स्वतःभोवती फिरत राहते आणि आत सापडलेल्या वस्तूला बाहेर सोडत नाही. पावसानंतर पाणी गढूळ झाले असेल, त्यात फांद्या वाहत असतील, किंवा वरच्या धरणातून पाणी सोडल्याची सूचना असेल तर त्या दिवशी व्यायाम रोइंग मशीनवर करावा.

थंड पाण्याबद्दल थोडे अधिक सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या पोहणाऱ्यांचाही अंदाज चुकतो. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने शरीरातली ऊब काढून घेते, त्यामुळे हवा सुखद असलेल्या दिवशीही पाणी धोकादायक असू शकते. हवेचे तापमान पाहून कपडे करणारा माणूस चुकीची संख्या पाहत असतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेश्ट यांनी यासाठी १-१०-१ असे सोपे सूत्र मांडले आहे. अतिथंड पाण्यात पडल्यावर पहिले एक मिनिट श्वासाचे असते: आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, मग धाप लागते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तो पहिलाच श्वास घात करतो. पुढची सुमारे दहा मिनिटे हात-पाय उपयोगी असतात. त्यानंतर बोटे आखडतात, पकड जाते आणि पोहणे थांबते. गारठ्याने शुद्ध हरपायला मात्र साधारण एक तास लागतो. म्हणजे थंड पाण्यात माणूस गोठून मरतो ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. तो त्याच्या कितीतरी आधी, हात चालेनासे झाल्यावर बुडतो. यातून करायचे ते असे की पहिल्या मिनिटात काहीच करू नये, फक्त बोट धरावी, तोंड पाण्याबाहेर ठेवावे आणि श्वास ताळ्यावर येऊ द्यावा. पुढच्या दहा मिनिटांत सगळी ताकद पाण्याबाहेर निघण्यासाठी, म्हणजे बोटीवर चढण्यासाठी खर्च करावी. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर सोबत मोटारबोट असल्याशिवाय सिंगल बाहेर न सोडण्याचा नियम अनेक क्लब पाळतात, आणि माझ्या मते तो नवशिक्यांसाठी १५ अंशांनाच लागू करावा. सुती कपडे ओले झाले की अंगाला चिकटून गारवा देत राहतात, म्हणून अंगाबरोबर बसणारे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ थर घालावेत. सैल, खिसे असलेले जॅकेट हँडलात अडकते, ते टाळावे.

कोणी दुसरा उलटलेला दिसला तर तुमच्या अरुंद बोटीतून त्याला वर ओढण्याचा प्रयत्न करू नका. दोघेही पाण्यात जाल. जवळ जाऊन बोलत राहा, स्वतःच्या बोटीचे एक टोक त्याला धरायला द्या आणि शिट्टी वाजवून मदत बोलवा. बाहेर काढलेल्या गारठलेल्या माणसाला आडवे ठेवावे, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे, हात-पाय चोळू नयेत आणि दारू तर मुळीच देऊ नये. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका बोलावून लगेच प्रथमोपचार सुरू करावेत, आणि बुडालेल्या माणसाला नुसते छाती दाबणे पुरत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो, हे लक्षात ठेवावे. शुद्धीवर असला तरी पाणी छातीत गेल्यामुळे खोकत राहणाऱ्या माणसाला घरी पाठवू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

आता घरच्यांच्या आग्रहाचा प्रश्न. जुने खेळाडू लाइफ जॅकेट घालत नाहीत याचे कारण आळस नाही. फोमचे जाड जॅकेट घातले की हँडले पोटापर्यंत येताना त्याला अडकतात, आणि अडकलेले हँडल हेच उलटण्याचे कारण होऊ शकते. पण ते न घालण्यामागे काही गोष्टी गृहीत असतात: पोहता येते, बोट तरंगते, पाणी फार थंड नाही आणि मदत जवळ आहे. यांतली एकही गोष्ट डळमळीत असेल तर घालावे. कमरेच्या पट्ट्यात घडी करून ठेवलेले, दोरी ओढली की गॅसने फुगणारे जॅकेट वल्हवताना जवळजवळ जाणवत नाही, आणि पहिले काही महिने एकट्याने जाणाऱ्याने ते बांधावे असे मी सुचवेन. त्याने घरच्यांची झोपही सुखाची होईल. ते कोरड्या जागी आणि पाण्यात एकेकदा फुगवून पाहावे आणि गॅसची नळकांडी रिकामी किंवा सैल नाही ना ते महिन्यातून एकदा पाहावे. कॉक्स आणि मोटारबोटीतले प्रशिक्षक यांनी मात्र नेहमीच लाइफ जॅकेट घातले पाहिजे. त्यातही बोटीच्या पुढच्या पोकळीत झोपून बसणाऱ्या कॉक्सने पाणी लागताच आपोआप फुगणारे जॅकेट किंवा फोमचे जॅकेट वापरू नये, कारण बोट उलटल्यावर तेच त्याला आत दाबून ठेवते. त्याच्यासाठी स्वतः दोरी ओढून फुगवायचे जॅकेट असते.

हातांना फोड येतील, ते फुटतील, आणि त्यातून पाणी आत जाईल. उघड्या जखमेला पाणी न शिरणारी पट्टी लावून उतरावे, परतल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळ्यांत लाली असे काही झाले तर आपण नदी-तलावात वल्हवतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची सुरुवात साध्या फ्लूसारखी असते, आणि पाण्याचा संबंध कोणी सांगितला नाही तर तो सहज निसटतो.

पहिल्या फेरीची आखणी मी अशी करीन. सकाळी वारा पडलेला असताना, उजाडल्यानंतर निघावे. किती वाजता निघालो, कुठवर जाणार आणि किती वाजता परतणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगावे आणि ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांत आलो नाही तर त्याने काय करायचे, कोणाला फोन करायचा तेही ठरवावे. स्वतःचा फोन जलरोधक पिशवीत, बोटीला न बांधता अंगावर ठेवावा, शिट्टी गळ्यात घालावी. किनाऱ्यापासून फार आत जाऊ नये, म्हणजे पडलोच तर पाय मारत पोहोचता येईल. मधल्या पाण्यात जाण्याची घाई नाही. अर्धा तास पुरे. त्या अर्ध्या तासात तीनदा पूर्ण थांबून पाहावे, दोन्ही बाजूंना वळून पाहावे, आणि धक्क्याला लागताना शेवटच्या दोन मीटरांत हँडले सोडण्याचा मोह होतो तो आवरावा. माझे निम्मे विद्यार्थी पहिल्यांदा उलटले ते तिथेच.